खिशातल्या नोटांचं परीक्षण: चेहरा कुणाचा, आणि तो करतो काय

वस्तू: महात्मा गांधी (नवीन) मालिकेतल्या दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटा. किंमत: वर छापलेली. घासाघीस नाही. दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याचं १९ मे २०२३ रोजी जाहीर झालं, म्हणून ती या परीक्षणात नाही. एक रुपयाची नोटही नाही. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि चेहरा कुणाचाच नसतो.

नोटेसारख्या वस्तूचं परीक्षण करावंसं वाटण्याचं कारण म्हणजे दर दोनेक वर्षांनी पेटणारा वाद. ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती असावेत अशी मागणी केली आणि लगेच नितेश राणे यांनी शिवाजी महाराजांचं चित्र बसवलेली दोनशेची नोट समाजमाध्यमांवर टाकली. बाबासाहेबांचं नावही त्याच आठवड्यात पुढे आलं. त्याआधी जूनमध्ये टागोर आणि कलामांच्या बातम्या फिरल्या होत्या आणि असा कुठलाही प्रस्ताव नसल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला होता. पुण्यात तर हा विषय निघाला की टिळक, आगरकर, फुले, कर्वे अशी रांगच लागते. एका पेठेत सगळी मालिका भरून निघेल. या वादात भाग घेणारे बहुतेक जण नोटेकडे भिंतीवरच्या तसबिरीसारखं बघतात. पण नोटेवरचा चेहरा हा त्या वस्तूचा कामाचा भाग आहे. तो काम कसं करतो हे पाहिल्याशिवाय तिथे कुणाला बसवायचं यावर बोलणं म्हणजे गाडीचा ब्रेक रंगावरून निवडण्यासारखं आहे.

चेहऱ्याचं काम

आधी छपाई. मोठ्या नोटांवरचं गांधीजींचं चित्र इंटॅग्लिओ पद्धतीने छापतात. धातूच्या प्लेटवर रेषा खोल कोरलेल्या असतात, त्या खाचांमध्ये दाट शाई भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांतली शाई उचलतो. म्हणून शाई कागदावर उठून बसते आणि अंगठ्याला खरखरीत लागते. या पद्धतीत फिकट-गडद छटा मिळवायला रेषा जाड-बारीक करायची, दोन रेषांतलं अंतर कमी-जास्त करायचं, एकावर एक तिरक्या रेषा टाकायच्या किंवा ठिपके द्यायचे, एवढीच साधनं हातात असतात. स्कॅनर आणि प्रिंटर यांना नेमकं हेच जमत नाही. ते रेषेचे ठिपके करून टाकतात आणि चेहरा मळकट, सुजलेला दिसतो.

आता यात चेहराच का? कारण ओळखीच्या चेहऱ्यात किंचित फरक पडला तरी माणसाला खटकतं, नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी. इमारतीची एक कमान वाकडी छापली गेली तर मंडईत गिऱ्हाईक सांभाळत पैसे मोजणाऱ्या भाजीवाल्या मावशींच्या लक्षातही येणार नाही; गांधीजींचं हसू जरा बिघडलं तर त्यांचा हात थांबतो. हे काम तोच चेहरा करू शकतो, जो लोकांनी हजारो वेळा पाहिलाय. सहाही नोटांवर एकच चेहरा असण्याचा फायदा इथे आहे. दहाच्या नोटेवर झालेला सराव पाचशेच्या नोटेवर उपयोगी पडतो.

हा चेहरा १९४६ सालच्या एका छायाचित्रावरून घेतलेला आहे. तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये (आताच्या राष्ट्रपती भवनात) गांधीजी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर उभे असताना तो टिपला गेला. कोरणाऱ्याच्या दृष्टीने चेहरा उत्तम आहे: गोल चष्मा, हसताना पडलेल्या वळ्या, मिशी, मोठे कान. अवघड जागा एकच, टक्कल. तिथे धरायला रेषाच नाही, त्यामुळे सगळी गोलाई बारीक ठिपक्यांवर पेलावी लागते. नोट खरी की खोटी हे पाहताना सगळे डोळे आणि हसू बघतात. कपाळावरून डोक्याकडे जाणारा उतार बघा. नकलेत तो सपाट होतो.

हातातली नोट तपासायची तर क्रम असा ठेवावा. आधी अंगठा: शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटेवर चेहरा आणि अशोकस्तंभ उठून लागले पाहिजेत, कडांच्या तिरक्या रेषाही. शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेला पाच. मग नोट तिरकी करा: कागदात विणलेल्या सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा झाला पाहिजे आणि त्यावर ‘भारत’ वाचता आलं पाहिजे. मग उजेडासमोर धरा: उजवीकडच्या कोऱ्या भागात गांधीजींची जलचित्र-छाया आणि शेजारी आकड्याची छाया. ही छाया छापलेली नसते, कागद तयार होतानाच लगद्याची जाडी कमी-जास्त करून ती घडवतात. म्हणून खरी छाया मऊ उतरत जाते. वरून छापलेल्या खोट्या छायेच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांना स्पर्शाने ओळखायच्या उठावाच्या खुणा नाहीत, त्यामुळे त्यांना अंगठ्याची परीक्षा लावून उगाच दुकानदाराशी भांडू नका.

गोंधळ होतो तो नोटा तपासायच्या जांभळ्या (अतिनील) दिव्याच्या यंत्रावर. नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंद राहतो, साधा कागद निळसर चकाकतो, हा नियम बरोबर आहे. पण पँटच्या खिशात राहून धुलाई यंत्रातून निघालेली खरी नोटही चकाकते, कारण धुण्याच्या पावडरीतली पांढरेपणा आणणारी रसायनं कागदात मुरतात. अशा वेळी चेहरा, धागा आणि जलचित्र या तिघांवर निर्णय घ्यावा. उलट, फार मळलेल्या नोटेवर उठाव जवळजवळ गेलेला असतो. तिथे अंगठा फसतो आणि दिवा कामाला येतो.

या मालिकेतली खरी त्रुटी चेहऱ्याच्या जागेत आहे. आधीच्या, १९९६ पासूनच्या मालिकेत चेहरा उजवीकडे होता. २०१६ पासून तो मधोमध आला. आपल्याकडे नोट मधोमध दुमडून खिशात जाते, म्हणजे चुणी थेट चेहऱ्यावरून किंवा अगदी शेजारून पडते. घडीवरची शाई आधी झडते. सहा महिने बसच्या वाहकाच्या आणि रसवंतीवाल्याच्या हातून फिरलेली दहाची नोट पाहिली तर नाकाजवळून पांढरी रेघ गेलेली दिसते. सुरक्षेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात जास्त झिजणाऱ्या जागी ठेवलाय.

दुसरी त्रुटी आकाराची. जुन्या मालिकेत शंभरची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७, म्हणजे दहाचा फरक. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक डोळस माणसालाही बोटांनी कळत नाही, तर अंध माणसाला काय कळणार? २०२० मध्ये ‘मनी’ हे अॅप आलं, फोनच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून ते किंमत बोलून दाखवतं. पण गर्दीच्या पीएमपी बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा कसा धरायचा, हे अॅप सांगत नाही. सगळ्या नोटांवर एकच चेहरा असण्याचा तोटा इथेच आहे: ओळख पटते, किंमत कळत नाही. किमतीचा भार रंगावर पडतो, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट पिवळी वीस आणि गडद पिवळी दोनशे यांची गल्लत होऊ शकते.

जाता जाता एक गैरसमज. ‘चेहरा शाबूत असला की फाटकी नोट चालते’ असं सर्रास बोललं जातं. बँकेचा नियम क्षेत्रफळाचा आहे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली शून्य. वीसपर्यंतच्या नोटांना निम्म्याहून मोठा तुकडा लागतो. गांधीजी त्या तुकड्यात आहेत की नाहीत, याला किंमत नाही.

उमेदवारांची परीक्षा

गांधीजींची निवड आपोआप झाली, असं मानणाऱ्यांनी इतिहास पाहावा. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश राजाच्या जागी गांधीजींचं चित्र घ्यायचं असा विचार झाला, तशी संकल्पचित्रंही तयार झाली, आणि शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ निवडला गेला. पुढची वीस वर्षं नोटांवर एकही माणूस ठळकपणे नव्हता. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर सेवाग्राम आश्रमासमोर बसलेले गांधीजी आले. १९८७ च्या पाचशेच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला, आणि १९९६ पासून सगळ्या नोटांवर. १९९६ चं कारण भक्तीपेक्षा जास्त रंगीत झेरॉक्सचं होतं. जुनी चित्रं, धरण, ट्रॅक्टर, मोर, उपग्रह, नव्या यंत्रांपुढे टिकेनाशी झाली होती.

मग आपले उमेदवार. शिवाजी महाराजांचं नाव सगळ्यात आधी येतं, आणि तांत्रिक अडचणही तिथेच सगळ्यात मोठी. छायाचित्राचा प्रश्नच नाही. समकालीन म्हणून जी चित्रं मानली जातात, ती इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेल्या चित्रासह, परदेशी संग्रहांतून आलेली आहेत. चेहऱ्याची ठेवण एकसारखी नाही. घराघरांतला चेहरा नंतरच्या चित्रकारांनी घडवलेला आहे. कोणतं चित्र घ्यायचं यावरून जो वाद पेटेल, त्यापुढे आत्ताचा वाद किरकोळ वाटेल. आणि एक गोष्ट विसरली जाते. महाराजांनी स्वतःची नाणी पाडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं आहेत. स्वतःचा चेहरा त्यांनी कधी छापला नाही. जुन्या बाजारात कधी झिजकी शिवराई हाती लागली तर जरूर बघा. नोटेवर महाराजांना आणायचंच असेल तर ती अक्षररचना कुठल्याही कल्पित चित्रापेक्षा अस्सल ठरेल.

बाबासाहेबांचा दावा वेगळ्या कारणाने भक्कम आहे. रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा अभ्यास होता आणि भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली होती. त्याच आयोगाच्या १९२६ च्या अहवालातून रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेची वाट निघाली. छायाचित्रं भरपूर, चष्मा आहे, चेहरा घरोघरी ओळखीचा. सुरक्षेच्या कसोटीवर गांधीजींच्या तोडीचा दुसरा चेहरा देशात असेल तर हाच.

टिळकांची पगडी आणि मिशा कोरायला सोप्या, नकलायला अवघड. पण पगडीचा दोष असा की नजर पगडीवर जाते आणि चेहऱ्याची परीक्षा राहून जाते. नकल करणाऱ्याला पगडी साधली की अर्धं काम झालं. गोखल्यांचंही तेच.

सावित्रीबाईंच्या बाबतीत मन एकीकडे आणि तंत्र दुसरीकडे जातं. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर आजवर एकाही भारतीय स्त्रीचा चेहरा नाही. गंमत म्हणजे सरकारी कागदी चलनाची सुरुवातच बाईच्या चित्राने झाली होती, १८६१ नंतरच्या नोटांवर राणी व्हिक्टोरिया होती, आणि बनावट नोटांच्या सुळसुळाटामुळे ती मालिका काढून घ्यावी लागली. सावित्रीबाईंचा जो चेहरा आपण ओळखतो, तो मुख्यतः चित्रकारांचा आहे. रेषा-रेषा कोरायला लागतो तेवढा तपशील त्यात नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं १८८५ चं छायाचित्र मात्र चांगलं आहे, फिलाडेल्फियात जपानी आणि सीरियन सहाध्यायींबरोबर काढलेलं. तिथे अडचण वयाची. तरुण, गुळगुळीत चेहरा कोरणाऱ्याला नकोसा वाटतो. जपानने २००४ मध्ये पाच हजार येनच्या नोटेवर हिगुची इचियो ही तरुण लेखिका घेतली, तेव्हा सुरकुत्या नसलेला चेहरा कोरताना अशीच दमछाक झाली होती.

निव्वळ कोरणाऱ्याला विचारलंत तर पुण्यातून तो महर्षी कर्व्यांना उचलेल. शंभरी ओलांडलेलं आयुष्य, पांढरी दाढी, सुरकुत्यांचं जाळं, चांगली छायाचित्रं. जपानच्या १९६३ च्या हजार येनच्या नोटेवर दाढीवाले पंतप्रधान इतो हिरोबुमी आले, आणि उद्योगपती शिबुसावा एइइची दाढी (म्हणजे नकलायला अवघड बारीक रेषा) नसल्याने मागे पडले, असं सांगितलं जातं. शिबुसावांचा नंबर जुलै २०२४ मध्ये लागला, दहा हजार येनवर, जेव्हा फिरणारी त्रिमिती प्रतिमा आली आणि दाढीची गरज कमी झाली. त्याच संचात हजार येनवर किताझातो शिबासाबुरो आहेत, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगच्या जंतूचा शोध घेणारे. १८९७ चा प्लेग विसरू न शकलेल्या शहराने त्या नोटेकडे जरा आदरानेच पाहावं.

निवडीची पद्धत बघायची तर ब्रिटनची बघावी. पन्नास पौंडाच्या नोटेसाठी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांची नावं लोकांकडून मागवली, सव्वादोन लाखांवर सूचना आल्या, त्यातून पात्र ठरली ९८९ नावं, समितीने बारा निवडली आणि संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅलन ट्युरिंगची नोट २३ जून २०२१ ला, त्याच्या जन्मदिवशी, बाहेर पडली. नियम साधे होते: व्यक्ती हयात नसावी, काल्पनिक नसावी, आणि छापण्याजोगं चांगलं चित्र उपलब्ध असावं. हा तिसरा नियम आपल्याकडच्या एकाही मागणीपत्रात वाचायला मिळत नाही. युरोने उलटी वाट धरली: कुणाचा माणूस घ्यायचा यावर एकमत होणार नाही म्हणून २००२ च्या नोटांवर कल्पित पूल छापले. पुढे नेदरलँड्समधल्या स्पेइकेनिसे गावाने ते पूल खरेच बांधून टाकले.

बदलायचं ठरलं तर

कायद्यात अडचण नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ नुसार बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची आणि केंद्र सरकारने मंजुरी द्यायची. संसदेत विधेयक लागत नाही. अडचण कारखान्यात आहे. चेहरा बदलला की कोरीव प्लेट बदलते, हे सगळ्यांना दिसतं. पण जलचित्रातही तोच चेहरा आहे, म्हणजे नाशिकरोडच्या छापखान्याच्या आधी कागदाच्या गिरणीतला साचा बदलावा लागतो, आणि आधी बनवलेला कागद वाया जातो. नेपाळमध्ये राजाला नोटेवरून उतरवलं तेव्हा हेच झालं: राजाचं जलचित्र असलेला कागद शिल्लक होता, म्हणून त्या कोऱ्या जागेवर लालीगुरांसचं फूल छापून राजा झाकला. त्यानंतर बँकांची नोटा मोजणारी-निवडणारी यंत्रं, पैसे भरायची यंत्रं, सगळ्यांना नवी ओळख शिकवावी लागते. २०१६ मध्ये आकार बदलल्यामुळे एटीएमच्या पेट्यासुद्धा जुळवाव्या लागल्या आणि रांगा किती लांबल्या ते सांगायला नको. आकार तोच ठेवला तर तेवढा त्रास वाचतो. तरीही जुनी आणि नवी नोट काही वर्षं एकत्र फिरतात, आणि नवा चेहरा नजरेत मुरेपर्यंतचा काळ हा बनावट नोटवाल्यांचा सुगीचा हंगाम असतो. बांगलादेशाने जून २०२५ मध्ये देशाचे संस्थापक शेख मुजीब यांच्या चित्राशिवाय नोटा आणल्या. तिथे राजकारण बदललं म्हणून चेहरा गेला. एकदा हा पायंडा पडला की दर सत्तांतराला कागदाचा साचा बदलायची तयारी ठेवावी लागेल.

म्हणून आमचं मत असं: समोरची बाजू आहे तशीच राहू द्यावी, फक्त चेहरा घडीच्या रेषेवरून पुन्हा बाजूला सरकवावा. वाद मागच्या बाजूवर न्यावा. तिथे आत्ता कोणार्क, वेरूळ, हंपी, राणीची वाव, सांची आणि लाल किल्ला आहेत. जलचित्राचा संबंध नाही, आणि ओळख पटवायची जबाबदारी समोरचा चेहरा उचलतोच. १९६९ च्या आश्रमासमोरच्या गांधीजींनाही जागा मागच्याच बाजूला मिळाली होती. दहाच्या मागे सावित्रीबाई, शंभरच्या मागे बाबासाहेब, आणि दोनशेच्या मागे शिवराईची अक्षरं आली तर किंमत ओळखायलाही मदत होईल. स्वच्छ भारतचा चष्मा तिथून हलवला तर जागाही मिळेल. समोर गांधीजी पूर्ण असताना मागे त्यांचा नुसता चष्मा कशाला, हे आजवर उमगलेलं नाही.

तोवर ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी नाणी आहेत. बाबासाहेब १९९० मध्ये एक रुपयावर आले, महाराज १९९९ मध्ये दोन रुपयांवर, टिळक २००७ मध्ये पाच रुपयांवर. शिवाय मराठी माणूस नोटेवर नाही ही तक्रार पूर्णपणे खरी नाही. सहाव्या जॉर्जच्या जुन्या नोटा बघा: चेहरा राजाचा, पण पैसे देण्याच्या वचनाखाली सही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. आताच्या नोटांवर मागच्या भाषापट्टीत पंधरा भाषा आहेत आणि मराठी वरून आठवी, बरोब्बर मध्यावर.

आणि ज्यांना हा वाद पेनाने नोटेवरच सोडवायची सवय आहे, त्यांच्यासाठी शेवटची सूचना. नोटेवर राजकीय घोषणा लिहिलेली असेल तर खराब नोटांच्या परताव्याच्या नियमांनुसार तिच्या बदल्यात पैसे मागण्याचा दावा फेटाळला जातो. घोषणा कुणाच्याही नावाची असो, पाचशे रुपये तुमचे जातात.